करंदीकर बाईंचं तटबंदीचं चर्च

करंदीकर बाई कोणाच्याही घरी गेल्या की आधी भिंतीवर टकटक करायच्या. सिंगापुरातल्या टॅम्पिनीसच्या आमच्या फ्लॅटमध्ये त्या पहिल्यांदा आल्या, तेव्हा नव्या सोफ्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. हॉलपासून ठोकत ठोकत त्या स्वयंपाकघराशेजारच्या बॉम्ब शेल्टरपाशी थांबल्या. इथल्या नव्या सरकारी फ्लॅटमध्ये ही जाड काँक्रीटची, पोलादी दाराची खोली असते. युद्ध झालंच तर लपायला. ते होत नाही म्हणून आम्ही तिथे तांदूळ, सुटकेसा आणि आकाशकंदील ठेवतो. बाईंनी ठोकलं, कान लावला आणि म्हणाल्या, "एवढी एकच भिंत आहे गं तुमच्या घरात. बाकी नुसते पडदे." मला रागच आला होता.

बाई पुण्याला आर्किटेक्चरच्या कॉलेजात इतिहास शिकवायच्या. यजमान गेल्यावर मुलाकडे, मिलिंदकडे आल्या. मिलिंद आमचा शेजारी, आयटीत मॅनेजर, लग्न मोडलेलं. आल्या त्याच वर्षी त्यांना विसरायला होऊ लागलं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की हे वाढत जाणार.

बाईंचा जीव मात्र एका चर्चमध्ये अडकला होता. रोमानियातल्या एका खेड्यातलं मध्ययुगीन चर्च; तरुणपणी त्यांनी अनेक उन्हाळे तिथे राहून ते इंच न् इंच मोजलं होतं. तुर्कांच्या धाडी यायच्या, राजाचा किल्ला लांब, म्हणून गावाने चर्चचाच किल्ला केला. बाई सांगायला लागल्या की चर्च आहे की सह्याद्रीतला गड, असा प्रश्न पडे. "देवडी आहे, दिंडी दरवाजा आहे, बाण मारायला भिंतीत जंग्या आहेत. देवाच्या डोक्यावरून शत्रूवर उकळती राळ ओतायची सोय आहे! भक्ती होती गं, पण तट दहा फुटी होता." तटाच्या आतल्या अंगाला प्रत्येक कुटुंबाची खोली, दारावर त्यांच्या घराचा नंबर. शांततेच्या काळात तिथे धान्य ठेवायचं. घंटा झाली की माणसांनी आत यायचं, आणि देवडीवरच्या पहारेकऱ्याला घराचा नंबर सांगायचा. एका बुरुजात अख्ख्या गावाचं खारवलेलं डुकराचं मांस टांगलेलं असे. "त्याखाली बसून मी दशमी खाल्लीय," बाई हसत सांगायच्या. आणि शेवटी हमखास यायचं, "शेवटचा माणूस आत आल्याशिवाय दार लावायचं नाही. हा तिथला नियम."

संध्याकाळी ऑफिसातून आले की मी त्यांच्याकडे जायचे. त्या डोळे मिटून बसायच्या आणि म्हणायच्या, "विचार." मी विचारायचे, "बाई, दिंडीतून आत आलो. डावीकडे काय?" त्या सांगत सांगत अख्खं चर्च फिरवून आणायच्या. विद्यार्थ्यांची नावं गेली, पुण्याच्या घराचा पत्ता गेला, पण चर्चची एक वीटही हलली नव्हती. "हे गेलं की मी गेले, समज," त्या म्हणायच्या. आम्ही दोघी जिवाच्या आकांताने ते चर्च धरून बसलो होतो.

एके दिवशी असंच मनाने फिरताना बाई चर्चच्या अंगणातच थांबल्या. तटावरच्या खोल्यांकडे जाणारा लाकडी जिना त्यांना सापडेना. मी उत्तर सुचवलं, तर हात झिडकारून म्हणाल्या, "सांगू नकोस!" खूप वेळ त्यांचे ओठ हलत राहिले. मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "जिना कुठे गेला गं?" मला त्यांच्याकडे बघवेना.

त्यानंतर उतार फार झपाट्याने आला. मिलिंद इमारतीखालच्या बाकावर भेटला तेव्हा म्हणाला, "ताई, काल आईने मला विचारलं, तुमची आई कुठे असते? काय सांगू मी?" मी त्याच्याजवळ नुसती बसून राहिले.

मग तो सायरनचा दिवस आला. सरकार अधूनमधून सायरनची चाचणी घेतं. आम्ही कोणी मानसुद्धा वर करत नाही. त्या दुपारी मिलिंद घरूनच काम करत होता. कॉल संपवून बाहेर आला तर आई नाही, तांदळाचा डबा नाही, आणि शेल्टरचं दार बंद. मी सुट्टीवर होते. तो धावत मला बोलवायला आला.

बाईंनी आतून दाराचा दांडा घट्ट धरला होता. मिलिंद ओढत होता, ओरडत होता, "आई, मी मिलिंद! दार उघड!"

"मिलिंद शाळेत गेलाय," आतून आवाज आला. "त्याचं नाव घेऊन फसवू नका. मी नाही उघडणार."

मिलिंद दाराशीच खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. बाईंना श्वासाचा त्रास होता. आत किती वेळ टिकतील कोण जाणे. आणि एकदम मला देवडी आठवली. मी दारावर टकटक केली आणि पहारेकऱ्याला सांगावा तसा आमच्या फ्लॅटचा नंबर सांगितला.

"बाई, आम्ही गावातलेच. घर नंबर अकरा-एकशेबावीस."

आतून बाई म्हणाल्या, "एकशेबावीस? अहो मग बाहेर काय उभे! या लवकर."

दांडा फिरला. त्यांनी आम्हाला दोघांना हाताला धरून आत ओढलं. घामाने निथळत होत्या, तांदळाचा डबा पायाशी होता. त्यांना धीर यावा म्हणून मी दार नुसतं लोटायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला.

"थांब. एक माणूस बाहेर राहिलंय."

"कोण, बाई?"

"मिलिंदची आई," त्या म्हणाल्या. "मघापासून अंगणात फिरतेय बिचारी. तिला जिना सापडत नाहीये."

मिलिंदने त्यांना घट्ट मिठी मारली. अनोळखी माणसाची पाठ थोपटावी तशी त्या त्याची पाठ थोपटत राहिल्या, "येईल हो, येईल." दार उघडं ठेवून आम्ही तिघं तिथेच तिची वाट बघत बसलो.

पुढे मिलिंद नोकरी सोडून त्यांना पुण्याला घेऊन गेला. बाईंनी त्याला पुन्हा ओळखलं नाही. त्या गेल्या तेव्हा त्याचा फोन आला. फोन ठेवून मी आमच्या शेल्टरपाशी गेले, भिंतीवर टकटक केली आणि तिथेच बसून रडले. ते दार मी आता लावत नाही.