केंटमधलं फ्रान्स

इंग्लिश खाडीखालच्या रेल्वे बोगद्यातली ब्रिटन-फ्रान्सची हद्द समुद्राखाली, अगदी मधोमध आहे, हे मला ठाऊक होतं. तेवढ्या ज्ञानावर मी सासूबाईंना गाडीत घातलं.

त्या नाशिकहून आमच्याकडे लंडनजवळच्या स्लाऊला आलेल्या. फ्रान्समध्ये राहणाऱ्या धाकट्या मेव्हणीला नुकतीच मुलगी झालेली. पाहुणा म्हणून आलेल्याला इथून फ्रान्सचा व्हिसा मिळत नाही, आणि बाळाला अजून पासपोर्ट नव्हता. सासूबाईंचं विमान रविवारी. तेव्हा तोड मीच काढली. गाडीसकट ट्रेनमध्ये चढायचं, समुद्राखालून जायचं, पलीकडे फ्रेंच पोलीस अडवतील तिथेच थांबायचं. मेव्हणीने बाळ घेऊन फाटकाशी यायचं. आजीने नात बघितली, की परत.

"नक्की ना?" बायको म्हणाली.

"अगं, फ्रान्स पाण्याखाली सुरू होतं. त्याआधी त्यांचा काय संबंध?"

केंट परगण्यातल्या फोकस्टनला, ट्रेनमध्ये चढण्याआधी, ब्रिटिश पासपोर्ट तपासणीच्या खिडकीवरून पुढे सोडलं. लगेच दुसरी खिडकी. आत फ्रेंच पोलीस.

"मॅडमचा व्हिसा?"

मी त्याला फोनवर नकाशा उघडून हद्द दाखवली. त्याने सगळं ऐकून घेतलं, हेच वाईट. मग म्हणाला, दोन देशांचा करार आहे. फ्रान्सची तपासणी इथे, इंग्लंडच्याच जमिनीवर होते. "तुम्ही प्रवेश मागितलात. मी नाकारला." सासूबाईंच्या पासपोर्टवर शिक्का मारला आणि त्यावर फुली.

"नुसता शिक्का आहे, आई," मी म्हटलं.

"नुसता?" बायको मागच्या सीटवरून कडाडली. "आता प्रत्येक व्हिसाच्या वेळी विचारतील, कुठे प्रवेश नाकारलाय का. तिने हो म्हणायचं. केंटमधून हलली नाही ती!"

सासूबाई शांत होत्या. "मुलगी देताना तुमचं शिक्षण विचारलं होतं, जावईबापू. भूगोल विचारायचा राहिला."

तेवढ्यात मेव्हणीचा फोन. ती फाटकाशी पोचली होती, मागे बाळ रडत होतं. "आई, कुठवर आलीस गं?"

"जावईबापूंनी फ्रान्स दाखवलं मला. खिडकीएवढं आहे. तू जा घरी, पोरीला वारा लागेल."

"थांब, व्हिडिओ लावते."

"नको," सासूबाई म्हणाल्या. "ते मी नाशिकला बसूनही बघितलं असतं."