बसूकडे ठेवलेली ट्रंक

काल कपाटातून डांबरगोळ्यांचा वास आला आणि मी थेट धारवाडला, सप्तापुरातल्या विद्यार्थीदशेत जाऊन पोचलो. मे महिन्याच्या सुट्टीत गावी जाताना मी माझी ट्रंक, चावीसकट, जिवलग मित्र बसूच्या घरी ठेवली होती. आत वडिलांनी शिवून दिलेला एकुलता एक कोट होता.

परतलो तेव्हा कुलूप शाबूत होतं, कोटाची घडीही तशीच होती. सहज खिशात हात घातला, तर पिवळ्या अक्षता निघाल्या.

"कुणाचं लग्न रे, बसू?"

"माझंच. घाईत ठरलं, अण्णा. तुला बोलावणार होतो, पण तुझा पत्ता कुठे होता?" एरवी मला कानडी सलगीने 'ले' म्हणणारा बसू त्या दिवशी 'अण्णा' म्हणाला.

कोट वापरल्याचं मला आजही काही वाटत नाही. पण माझ्या गावचा पूर्ण पत्ता ट्रंकेच्या झाकणावर पांढऱ्या रंगाने रंगवलेला होता, आणि कोट काढायला त्याने तेच झाकण उघडलं होतं.