परक्या चौकटीवर गेलेला हात

मंडळी, पाण्याच्या टँकरच्या लायनीत उभी राहून लिहितेय.

आम्ही लातूरचे मराठी ज्यू. आमच्या दाराच्या चौकटीवर प्रार्थनेची डबी असते. आत शिरताना तिला हात लावायचा, हे लेकीला मीच शिकवलं. ती अमेरिकेत ज्यू मैत्रिणींसोबत राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचा प्रचार करत दारोदार फिरते.

आज सकाळी माझ्याशी फोनवर बोलता बोलता तिनं एक बेल वाजवली. दार उघडलं आन् सवयीनं तिचा हात चौकटीवर गेला. घरवाल्याला वाटलं, ही आत घुसायलीय. त्यानं बंदूकच रोखली. मला नुसतं त्याचं ओरडणं ऐकू आलं. मग पळणारी पावलं, आन् धापा टाकत लेक बोलली,

"आई, पळाले मी. उद्या परत प्रचाराला जायचंय."

"मग हात खिशात ठेव गं माय!"

"खिशात हात घातला तर इथं गोळीच झाडतेत, आई."

सांगा, माझ्या लेकरानं हात ठेवावा तरी कुठं?