मिरच्यांचा ठसका

नोकरी लागली, तरी मला अंथरुणातून उठवत नव्हतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "घरातली पहिली पदवीधर पोर, दृष्टच लागली असणार."

आईने मीठ, मोहऱ्या, मिरच्या माझ्यावरून ओवाळून निखाऱ्यांवर टाकल्या. दृष्ट लागली असली तर ठसका लागत नाही, असं आमच्याकडे मानतात. आम्ही तिघी खोकून बेजार झालो.

डोळे पुसत आई म्हणाली, "दृष्ट नाही ही. उद्या मनाच्या डॉक्टरांकडे जाऊ."

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"तू झालीस तेव्हा माझंही असंच झालं होतं गं. विहिरीपर्यंत गेले होते. मला कुणी डॉक्टरकडे नेलं नाही."

रोज माझी वेणी घालणारे हे हात कुठवर जाऊन परतले होते! धूर अजून कोंडलेला होता. मी उठले आणि खिडकी उघडली.