पुरावा म्हणून राखलेला सायलेन्सर

बातमी आली तेव्हा मी नारायण पेठेतल्या एका छापखान्यात पत्रकांचे गठ्ठे बांधून घेत होते. शाई अजून बोटांना लागत होती. फोन शेवंताबाईंचा होता. कर्वेनगरातल्या ज्या शिक्षणसंस्थेत माझा सुदाममामा माळीकाम करायचा, तिथंच त्या झाडलोट करतात. त्या जीव खाऊन ओरडत होत्या, तरी मला एक शब्द धड कळत नव्हता, कारण त्यांच्यामागं मामाचा ट्रॅक्टर चालू होता. "आधी तो ट्रॅक्टर बंद करायला सांगा!" मीही ओरडले. "कुणाला सांगू? इथं कुणालाच तो बंद करता येत नाही," त्या म्हणाल्या. मग फोन तोंडाशी धरून एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "तुझा मामा गेला गं... टँकरखाली." ट्रॅक्टर बंद करायची तार केव्हाच तुटली होती. मामा इंजिनाखाली हात घालून एक पट्टी दाबायचा, तेव्हा तो थांबायचा. ती पट्टी कुठं आहे हे त्यालाच ठाऊक. मामाला उचलून नेल्यावरही, डिझेल संपेपर्यंत, तो ट्रॅक्टर मैदानाच्या कडेला एकटाच धडधडत राहिला म्हणे.

गवत कापताना पात्यात दगड अडकला म्हणून मामा खाली उतरून वाकला होता. झाडांना पाणी घालणारा टँकर उलटा मागं येत होता. चालकानं हॉर्न वाजवला, शेवंताबाईंनी हाका मारल्या, वर्गाकडं निघालेली दोन मुलं ओरडली. सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. ज्याच्यासाठी ओरडत होते, त्याला गेलं नाही. आता सात आठवडे होत आले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी जो तो उठून म्हणाला, माणूस सरळ होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. खरं आहे ते. मी मात्र इथं एका सायलेन्सरबद्दल लिहिणार आहे. तो बदलायचा राहिला, आणि का राहिला हे जिवंत माणसांपैकी मला एकटीलाच माहीत आहे.

मामा येरवड्यात आमच्याच गल्लीत राहायचा. माझे वडील आयुष्यभर पत्रकं काढत आले. पाण्याचं, रेशनचं, झोपडी पाडल्याचं, कामावरून काढल्याचं. मी अक्षरं शिकले ती त्या कागदांवर. 'जाहीर निषेध' हे शब्द मला स्वतःचं नाव लिहिता येण्याआधी वाचता येत होते. पत्रकांच्या घड्या घालायला मामा यायचा. मांडी घालून बसायचा, अंगठ्याच्या नखानं घडी दाबायचा, आणि त्याचा गठ्ठा विटांसारखा सरळ उभा राहायचा. मजकूर तो सगळ्यात शेवटी वाचायचा आणि वडिलांना विचारायचा, "मग? आता करायचं काय?" वडील म्हणायचे, "लोक जागे होतील, सुदाम." "झाले जागे. मग?" वडील चिडायचे. मला तेव्हा मामाचा राग यायचा. हा माणूस घड्या घालतो, पण याचा विश्वास नाही, असं वाटायचं. तो नुसता पुढचं विचारत होता, हे कळायला मला फार उशीर लागला.

संस्थेत तो अठरा वर्षं होता, अठराही वर्षं कंत्राटावर. गवत कापायचा तो ठेंगणा ट्रॅक्टर त्याच्याआधीपासूनचा. तांबडा रंग उडून गुलाबी झालेला, पोटाखाली पाती, आसनावर मामीच्या जुन्या साडीची उशी. सायलेन्सर सडायला लागला तेव्हा मामानं तेलाचा डबा कापून त्याचा पत्रा वर गुंडाळला आणि तारेनं आवळला. पत्रा जळाला. दुसरा गुंडाळला. पुढं आतली जाळी गळून पडली आणि इंजिनाचा आवाज उघडाच बाहेर यायला लागला. मामा कानात कापूस घालायचा. उद्यान विभागाच्या साहेबांकडं तो दोन वर्षांत तीनदा गेला. पहिल्या दोन्ही वेळी 'या यंत्राचा सायलेन्सर कुठं मिळत नाही' एवढंच उत्तर मिळालं. तिसऱ्यांदा मीही बरोबर होते. साहेब अत्यंत सभ्य. मला 'आपण बसा' म्हणाले, मामाला काही म्हणाले नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "अहो, आवाज येतो म्हणून तर काम चालू आहे हे आम्हाला कळतं. उद्या शांतता झाली तर मला उठून बघायला यावं लागेल." शेजारचे दोघे हसले. मामाही हसला. त्याला वाक्य ऐकू आलं नव्हतं. इतर हसले म्हणून तो हसला होता.

कान गेल्याचं घरी कळलं ते कुकरमुळं. मामी चार घरी पोळ्या करते. एकदा परत आली तर कुकर करपलेला आणि मामा त्याच्याशेजारी बसून पेपर वाचतोय. "अहो, शिट्ट्या किती झाल्या?" "झाल्या असतील की." "असतील?" "वास आल्यावर उठणारच होतो मी," मामा म्हणाला. त्यानंतर ते घर मोठ्यानं बोलायला लागलं. आधी मामी, मग आम्ही, मग आला-गेला प्रत्येकजण. दहा बाय बाराच्या त्या खोलीत हातभर अंतरावरची माणसं नदीपलीकडं हाक मारावी तशी बोलायची. कुठली भाजी केली हे सगळ्या गल्लीला कळायचं. इंजिनाची नाडी मात्र मामाला अजून सापडायची. झाकणावर तळवा ठेवायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, तेल कमी आहे, किंवा फिल्टर तुंबलाय. कानांचं काम त्यानं हातांना दिलं होतं.

मी कामगार खात्यात रीतसर तक्रार दिली. यंत्राचा आवाज, गेलेले कान, कंत्राट, साहेबांचं ते वाक्य, सगळं लिहिलं. शिक्क्याची पोच घेतली. तपासणीला माणूस पाठवू, असं तिथं सांगितलं. त्याच आठवड्यात, एका रविवारी, मी मामाकडं गेले तर खाटेवर वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक सायलेन्सर. मामानं तो जुन्या बाजारातून शोधून आणला होता. मूळचा दुसऱ्याच कुठल्या यंत्राचा. त्याच्या तोंडाची पट्टी आपल्या इंजिनाला बसेना, म्हणून येरवड्यातल्या एका वेल्डरकडून कापून नवी जोडून घेतली होती. इतका खुशीत होता तो की सांगता येत नाही. पट्टीच्या दोन भोकांत दोन बोटं घालून मला दाखवत होता. "हे बघ, बरोब्बर बसतंय. जुने नट गंजलेत, म्हणून परवापासून डिझेल सोडतोय त्यांच्यावर. उद्या निघतील."

"तुला कुणी सांगितलं आणायला?" मी विचारलं.

"कोण सांगतंय? सडलाय. बदलतो."

"मामा, यंत्र त्यांचं, जबाबदारी त्यांची. आणि दुरुस्ती तू घरून आणून करणार? मग पुढच्या वेळी पातीही घरूनच ने."

"अगं पुढारी, दोन नटांचं काम आहे."

"आणि तपासणीला माणूस आला, यंत्र शांत चालताना दिसलं, तर तो काय लिहून नेईल? पुरावा तू स्वतःच्या हातानं पुसतोयस."

तो माझ्या ओठांकडं बघत होता. तेव्हा तो ओठांवरून बरंच समजून घ्यायचा. "म्हणजे सडकाच राहू द्यायचा?"

"पंधरा दिवस. फक्त पंधरा दिवस."

"कागद दिलायस ना तू?"

मी पर्समधून पोच काढून दाखवली. त्यानं शिक्क्यावरून अंगठा फिरवला, घडीवर फिरवायचा तसाच. "मग थांबू," म्हणाला, आणि सायलेन्सर पुन्हा गुंडाळून खाटेखाली सरकवला. मामी तेव्हा पोळ्यांच्या कामावर गेली होती, रविवारी त्या वेळी असायचीच.

पंधरा दिवसांचे अडीच महिने झाले. मी खात्यात चकरा मारल्या, स्मरणपत्रं दिली, त्यांच्याही पोचा घेतल्या. दर रविवारी मामा विचारायचा, "आला का गं तुझा माणूस?" शेवटची भेट झाली तेव्हा त्यानं हे विचारलं नाही. फार दमलेला दिसत होता. डोक्यात दिवसभर घण बसतात म्हणाला, जेवण अर्धं टाकलं. मी निघताना दारापर्यंत आला आणि उगाच मोठ्यानं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "नटांवर मी रोज डिझेल सोडतोय बरं का! माणूस येऊन गेला की लगेच निघाले पाहिजेत!" ... त्या वेळी मी म्हणायला हवं होतं, मामा, खड्ड्यात गेला माणूस, उद्याच बदल. मी म्हणाले, "या आठवड्यात नक्की येईल."

मामा गेल्यावर चार दिवसांत संस्थेनं ट्रॅक्टरला नवा सायलेन्सर बसवला. दोन वर्षं जो कुठं मिळत नव्हता, तो चार दिवसांत मिळाला. नट सहज निघाले असतील, त्यांना अडीच महिन्यांचं डिझेल मुरलेलं होतं. तपासणीचा माणूस तिसऱ्या आठवड्यात आला. नव्या चालकानं ट्रॅक्टर चालवून दाखवला. आवाज मर्यादेत आहे, मृत व्यक्तीस आधीपासून कमी ऐकू येत असावे, असं लिहून तो गेला. त्याच संध्याकाळी शेवंताबाई आमच्या दारात उभ्या. पदराखाली तो सडका सायलेन्सर, भंगाराच्या ढिगातून काढलेला, तेलाच्या डब्याच्या पत्र्यासकट. "तुला पुरावा पाहिजे होता ना? घे." आत आल्या नाहीत, पाणी घेतलं नाही. मामानं त्यांना सांगितलं असेल का? मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तो घेऊन मी खात्यात गेले. टेबलामागच्या गृहस्थांनी त्याच्याकडं पाहिलं, मग टेबलावर सांडलेल्या गंजाकडं. म्हणाले, "हा त्याच यंत्राचा कशावरून? आणि आधी ते टेबल पुसा."

माझी मागणी बरोबर होती. आजही आहे. कामाचं यंत्र माणसाचे कान खाणार नाही हे बघणं संस्थेचं काम होतं, आणि ती मागणी मी शेवटपर्यंत सोडणार नाही. पण ज्या कानांवर मी ती लढाई उभी केली, ते माझे नव्हते. नवा सायलेन्सर बसला असता तर त्या दिवशी हॉर्न ऐकू आला असता का? कदाचित नसता. कान आधीच गेले होते, असं मी स्वतःला रोज सांगते. मग आठवतं की ते अडीच महिने तो आवाज त्या कानांत रोज ओतला जात होता, आणि झाकण माझ्या हातात होतं. अंत्यविधीच्या सकाळी मामी खाटेखाली वाकली आणि ते वर्तमानपत्राचं पुडकं बाहेर काढून सगळ्यांदेखत म्हणाली, "बघा यांचा आळस. आणून ठेवला आणि बसवायचा कंटाळा केला." बायका तोंडाला पदर लावून रडल्या. मी गप्प राहिले. त्यानंतरही राहिले. अठरा वर्षांत एक दिवस उशिरा कामावर न गेलेल्या माणसाला त्याची बायको आळशी म्हणत राहिली, आणि मी, निषेधाची अक्षरं गिरवून मोठी झालेली, ऐकत राहिले.

मामी रविवारची पुरवणी वाचते. तिला हे छापील अक्षरांतून कळू नये, म्हणून लेख पाठवण्याआधी काल दुपारी मी कागद घेऊन तिच्याकडं गेले. नवा सायलेन्सर अजून खाटेखाली आहे, भंगारवाल्याला तिनं तो दिलेला नाही. मामाच्या जागेवर बसू नको, तिथं ऊन येतं, असं ती मला हातभर अंतरावरून ओरडून म्हणाली. ते घर अजून तसंच बोलतं. मीही मोठ्यानं वाचायला लागले. टँकर, शेवंताबाई, घड्या, कुकर. कुकरच्या ठिकाणी ती किंचित हसली. रविवारचा तो भाग आला, खाटेवरचं पुडकं आलं, 'पुरावा तू स्वतःच्या हातानं पुसतोयस' हे माझं वाक्य आलं, आणि माझा आवाज आपोआप खाली गेला. पुढचं मी जवळजवळ पुटपुटतच वाचत होते. मामीचे कान चांगले आहेत, तिला सगळं ऐकू येत होतं. ती काही वेळ खाटेखाली बघत राहिली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तिथून परत वाच. मोठ्यानं."