हफीजाचाचीची पडवी

हफीजाचाचीला कुणी बांधून ठेवलेलं नाही, हे आधीच सांगते. घर तिचं, दार तिचं, किल्लीही तिच्याच कमरेला. कतारमध्ये नोकरीला असलेल्या अद्नानने, तिच्या एकुलत्या मुलाने, सुट्टीवर आला तेव्हा पडवीत कॅमेरा बसवला, एवढंच. आई एकटी, गुडघे धरलेले, त्यात शुगर. कोण त्याला वाईट म्हणेल?

मी म्हणते. मी शेजारीण, मला रोज बघावं लागतं.

दुपारी आम्ही दोघी तिच्या पडवीत पाय पसरून सुकट निवडायचो. अख्ख्या मिरकरवाड्याच्या कागाळ्या तिथे व्हायच्या, अद्नानबरोबर कतारला गेलेल्या तिच्या सुनेच्या तर आधी. आता पदर जरा सरकला की चाची दचकून वर बघते. नानखटाई उचलली की फोन. "अम्मी, शुगर!" दार उघडं का ठेवलंस? उन्हात का बसलीस? मांजराला बांगडा कशाला घातलास? मांजराचीसुद्धा चौकशी! माझं डोकंच फिरतं.

शेवटी मीच म्हटलं, "काढून टाक ना ती वायर." तिने काढली. चहा उकळायच्या आत दारात माणसं जमली. तिचा भाचा आला, नाक्यावरचा रिक्षावाला आला, दवाखान्यातला कंपाउंडरसुद्धा धावत आला. अद्नानने तिकडून रडत रडत सगळ्यांना फोन केले होते. मग सगळे मिळून चाचीलाच ओरडले. एवढा जीव लावणारा मुलगा, आणि तू अशी! तिने स्वतःच्या हाताने वायर परत लावली.

"तू अद्नानवर का नाही ओरडलीस?" मी चिडून विचारलं.

"काय ओरडू, बाय? दम दिला असता तर ओरडले असते. तो तर रडत होता."

मी कपाळावर हात मारून घेतला.

लाईट मात्र आमच्याकडे सारखी जाते. सगळी वाडी वायरमनला शिव्या घालते, आणि चाची पदर खांद्यावर टाकून मला हाक मारते, "ये गो, गेली!" मग नानखटाई निघते, सुनेची नक्कल होते, चाची डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसते. लाईट गेलीय म्हटलं की अद्नानही गप्प बसायचा.

परवा टेम्पोतून इन्व्हर्टर आला. बिचाऱ्याने ओव्हरटाईम करून पाठवलेला. माणूस जोडून गेला आणि लगेच फोन वाजला.

"अम्मी, आवडला ना?"

"खूप आवडला रे, पोरा," चाची कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, आणि तिने पदर डोक्यावर ओढून घेतला.