प्लास्टिकच्या पानांवर पाऊस

माझ्या वरच्या मजल्यावर राहणारी वीत्स्के चिडली की शिव्या देत नाही, खिडक्या पुसते. त्या आठवड्यात तिच्या काचा इतक्या लख्ख होत्या, की कबुतरं येऊन आपटली.

आमच्या या डच गावात रस्त्याकडेच्या हिरव्या भिंती आखणं हा तिचा धंदा. हुकांवर टांगलेले सुटे खण. एकातलं झाड मेलं तर तेवढाच उचलायचा, बाकीची भिंत जागची हलत नाही. खणांची चाचणी बाल्कनीत, गळती माझ्या चादरींवर. नवरा खणांतल्या नेच्यांना, त्या फर्नांना, कंटाळून गेला, असं मी म्हणते. ती म्हणते, खालच्या मजल्यावरच्या तोंडाला.

ट्रामच्या थांब्यामागची भिंत म्हणजे तिचा जीव. पण नगरपालिकेच्या खेर्लोफसाहेबांनी आराखड्यातली पाण्याची नळीच उडवली. काचा लख्ख झाल्या तो हाच आठवडा.

"बाई, आपल्या देशात झाडाला नळ? आभाळ आहे की!"

"आभाळ वरून पडतं, खेर्लोफ. भिंत उभी आहे, आणि तिच्या डोक्यावर थांब्याचं छप्पर आहे."

साहेब हसले. उन्हाळ्यात सगळे नेचे वाळून पाचोळा झाले.

तरी उद्‌घाटन झालंच. पडदा सरकला आणि काय हिरवंगार! लोकांनी टाळ्या वाजवल्या. वीत्स्केनं पुढं होऊन एक पान चुरगाळलं. ते कुरकुरलं. प्लास्टिक! आणि खाली पितळी पाटीवर तिचं नाव.

"मेलेलंच ठेवायचंस की!" ती ओरडली. माझ्या चादरींसाठीसुद्धा ती कधी एवढी ओरडली नव्हती.

"बाई, लांबून कुणाला कळतंय?" साहेब म्हणाले.

"माझं नाव आहे तिथं. मला कळतंय!"

तिनं पहिला खण हुकावरून उचलला आणि साहेबांच्या, पुढं सामानाची पेटी बसवलेल्या सायकलीत आदळला. मग दुसरा.

"हे काय चाललंय?"

"रोगट खण काढतेय. रचनाच तशी आहे."

मी फक्त सायकलचं हँडल धरलं होतं. शेजारधर्म.

तेवढ्यात पाऊस आला. सगळे छपराखाली घुसले, पाठी उघड्या भिंतीला टेकून.

"खेर्लोफ, विटेला हात लाव."

त्यांनी लावला. वीट कोरडी ठक्क. कुणी हसलं नाही. मीही नाही, आणि ते मला फार जड गेलं.

वीत्स्केनं खिशातून पेचकस काढून पाटी उतरवली. "नळी जोडशील तेव्हा नाव लावीन."

साहेब पेटीत जंगल घेऊन, चिंब भिजत पेडल मारत गेले. त्या पानांना आभाळाचं पाणी मिळालं ते तेवढंच.